उचलीला कोड नाही

कर्नाटकाच्या बिदर जिल्ह्यात, औराद तालुक्यातल्या एका घरात दवाखान्याचे सगळे कागद खुंटीला टांगलेल्या एका पिशवीत होते. म्हातारीनं पिशवी काढली आणि पडवीत माझ्यापुढं उलटी केली. एक्स-रे, उदगीरच्या मेडिकलच्या पावत्या, लातूरच्या डॉक्टरची चिठ्ठी, सोनोग्राफीचा काळा कागद आणि मधेच सोयाबीनची आडतीची पट्टी. नवऱ्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं. माझ्या टॅबवर प्रश्न होता : गेल्या ३६५ दिवसांत घरातलं कोणी दवाखान्यात ॲडमिट होतं का? असेल तर औषधं, डॉक्टरची फी, तपासण्या, खाट, गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं जेवण यांवर वेगवेगळा किती खर्च झाला?

"पैसे होते तोवर मोजले, माय," म्हातारी म्हणाली. "नव्हते तेव्हा काय मोजायचं?"

पुढचा प्रश्न होता, पैसा आणला कुठून? पर्याय पाच : घरची मिळकत किंवा बचत, कर्ज, मालमत्तेची विक्री, नातलगांची मदत, इतर. फॉर्म कन्नडमधला. माझ्याबरोबर एक नवी पोरगी होती, जेवर्गीकडची, कन्नड शाळेत शिकलेली, मराठी कामापुरती. तिनं विचारलं, "साल केलाव का अज्जी?"

"केलं की. थोरल्यानं साल धरलं."

"किती?"

"साठ हजार."

पोरीनं 'कर्ज' या पर्यायावर बोट ठेवलं, ६०००० टाकलं आणि पुढं गेली. चूक कुठंच दिसली नाही, कारण सगळं चपखल बसलं. कन्नडमध्ये 'साल' म्हणजे कर्ज. मराठीत साल म्हणजे वर्ष, आणि साल धरणं म्हणजे कोणाच्या तरी शेतावर वर्षभरासाठी गडी म्हणून राहणं. म्हातारीचा बावीस वर्षांचा मुलगा सालगडी म्हणून राहिला होता, मालकाकडून साठ हजारांची उचल घेतली होती आणि ती उचल बापाच्या पोटात गेली होती.

मी टॅब मागून घेतला आणि मग माझीच पंचाईत झाली. उचल म्हणजे कर्ज का? व्याज नाही, पैसे परत करायचे नाहीत, अंगमेहनतीनं फेडायचं. मिळकत म्हणावी तर ती अजून कमावलेलीच नाही. विक्री म्हणावी तर विकलं काय? पोराचं वर्ष? शेवटी 'इतर' निवडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'सालाची उचल' असं लिहिलं. तो रकाना कोणी वाचला असेल असं मला वाटत नाही. साठ हजार फॉर्म्सच्या ढिगात शेरे कोण वाचत बसतो?

मी भालकीची. २००५ पासून सर्व्हेची कामं करते. आधी कागदावर, मग टॅबवर. आधी फॉर्म भरणारी म्हणून, आता सुपरवायझर म्हणून. बिदर जिल्ह्याचे सगळे तालुके, कलबुर्गीचा आळंद, इकडं तिकडं करत बरंच पालथं घातलं. गावात मला 'सर्व्हेवाली' म्हणतात. काही घरांत अजून 'जनगणनेची बाई' समजून शाळेतल्या पोरांची नावं सांगायला सुरुवात करतात. पण बरीच वर्षं मी जे करते त्याला एक भारी नाव आहे, ते मला फार उशिरा कळलं : आरोग्य अर्थशास्त्राचं संशोधन. आणि ते संशोधन बाजारात विकत मिळतं, त्याची निविदा निघते, भाव ठरतो, हेही तेव्हाच कळलं.

शास्त्र तसं अवघड नाही. पैसा थोडा, आजार फार. मग पैसा कुठं घातला तर जास्त माणसं जास्त वर्षं धडधाकट राहतील, एवढाच त्याचा प्रश्न. डायलिसिसची यंत्रं घ्यावीत की गावात रक्तदाब तपासायला माणूस ठेवावा? विम्याचं कार्ड दिलं तर घरं कर्जातून वाचतात का? खासगी दवाखान्याला एका ऑपरेशनचे किती पैसे दिले तर तो रडणार नाही आणि सरकारही लुटलं जाणार नाही? उत्तरासाठी आकडे लागतात. घराच्या एकूण खर्चातल्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसा दवाखान्यात गेला तर त्या घरावर आपत्तीजनक खर्च आला असं धरतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांच्या मोजमापात बरीच वर्षं ही रेघ होती, आणि दुसरी पंचवीस टक्क्यांची. आता माझ्या म्हातारीचे साठ हजार 'कर्ज' म्हणून गेले तर बेंगळुरूत कोणीतरी म्हणेल, गावात स्वस्त कर्ज पोचवा. 'इतर' म्हणून गेले तर कोणीच काही म्हणणार नाही. बावीस वर्षांचा एक माणूस वर्षभर बांधला गेला, हे दोन्हीकडं दिसत नाही.

सरकारी आरोग्य लेख्यांत दरवर्षी एक आकडा छापून येतो : देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला किती वाटा लोकांनी थेट खिशातून दिला. २०१३-१४ साली तो ६४.२ टक्के होता, २०२१-२२ साली ३९.४ टक्के. तो खरंच इतका उतरला का, यावर जाणकारांत वाद आहे. मला त्या वादातलं फारसं कळत नाही. एवढंच कळतं की त्या टक्क्यांच्या मुळाशी बाकीच्या हिशेबांबरोबर अशा पिशव्याही आहेत.

आता हे आकडे गोळा करतं कोण? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाला सरकारची स्वतःची यंत्रणा आहे. त्यांची आरोग्यावरची ७५वी फेरी जुलै २०१७ ते जून २०१८ चालली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची गोष्ट वेगळी. तिची सूत्रं मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडं असतात, पण दारोदार फिरायचं काम एजन्सींना दिलं जातं. २०१९ ते २१ च्या पाचव्या पाहणीत अशा १७ एजन्सी होत्या आणि ६ लाख ३६ हजार ६९९ घरं. एवढी माणसं कायमची पगारावर ठेवणं कोणत्याही संस्थेला परवडणार नाही. काम सहा-आठ महिन्यांचं, मग तीन-चार वर्षं काही नाही. म्हणून बाहेरून काम करून घेण्यात मुळात काही वाईट नाही. दुसरं एक कारण मला अधिक पटतं. ज्या खात्यानं योजना आणली त्यानंच ती चांगली चालली का हे तपासायचं, म्हणजे पोरानं स्वतःचा पेपर स्वतः तपासण्यासारखं. तिऱ्हाइताला पैसे देऊन तपासून घेतलेलं बरं.

याचं उत्तम उदाहरण आमच्याच मुलखातलं आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये कर्नाटक सरकारनं वाजपेयी आरोग्यश्री योजना आधी गुलबर्गा विभागात सुरू केली. तेव्हा कलबुर्गी हे नाव अधिकृत व्हायचं होतं. दारिद्र्यरेषेखालच्या घरांना हृदय, कर्करोग, मूत्रपिंड, मेंदू, भाजणं अशा महागड्या आजारांवर दीड लाखांपर्यंत मोफत उपचार. गावोगाव शिबिरं भरली, रोगी शोधून मोठ्या दवाखान्यात पाठवले. योजना राज्याच्या अर्ध्या भागात आधी आली आणि अर्ध्या भागात नंतर, त्यामुळं नकाशावर एक रेघ तयार झाली. रेघेच्या अलीकडं कार्ड चालतं, पलीकडं नाही; माती, पाऊस, माणसं सारखीच. संशोधक नीरज सूद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकी हीच रेघ पकडली. योजनेतली ३०० गावं आणि पलीकडची जुळणारी २७२ गावं घेतली, दोन्हीकडं मिळून साठ हजारांवर घरं विचारली. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये निष्कर्ष आला : योजनेत बसणाऱ्या आजारांनी होणारे मृत्यू गरीब घरांत पलीकडं ०.९० टक्के, अलीकडं ०.३२ टक्के. दवाखान्यात भरती झालेल्यांचा खिशातला खर्चही जवळपास एक तृतीयांशानं कमी.

आम्ही सीमाभागातली माणसं रेघेला शिव्या घालत जन्म काढतो. तिचा असाही उपयोग होतो, हे वाचून मला गंमत वाटली.

पण गोष्ट इथं संपत नाही. दुसरा अभ्यास खुद्द गुलबर्गा आणि म्हैसूर जिल्ह्यांतला. राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजना, २००८ ची, घराला तीस हजारांपर्यंतचं संरक्षण देणारी. अनुप मलानी, सिंथिया किनन, शैलेंदर स्वामिनाथन वगैरे संशोधकांनी ४३५ गावांतली १० हजार ८७९ घरं घेतली, दारिद्र्यरेषेच्या वरची, म्हणजे ज्यांना ते कार्ड एरवी मिळालंच नसतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट पाडले : एकाला विमा फुकट, एकाला विकत, एकाला विकत पण बरोबर तेवढी रोख रक्कम, एकाला काहीच नाही. फुकट दिलेल्यांत ७८.७१ टक्के घरांनी विमा घेतला. विकत देऊ केलेल्यांतही ५९.९१ टक्क्यांनी घेतला. आपल्याकडचा शेतकरी विम्याला पैसे देत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. पण कार्ड हातात असूनही अनेकांना ते वापरताच आलं नाही, आणि साडेतीन वर्षांनी तब्येतीत म्हणावा असा फरक कुठल्याच मोजमापात दिसला नाही. २०२१ च्या डिसेंबरात हा निबंध बाहेर आला.

एकीकडं मरण कमी झालं, दुसरीकडं काहीच हललं नाही. दोन्ही खरं असू शकतं. एक योजना गरिबाच्या जिवावरच्या आजारासाठी होती आणि रोग्याला शोधत गावात आली. दुसरीत कार्ड घरात आलं, पुढचा रस्ता ज्याचा त्यानं शोधायचा. माझा अनुभव याच्याशी जुळतो. कपाटात, देवाच्या फोटोमागं, पिठाच्या डब्याखाली कार्डं मी किती पाहिलीत! यातल्या कुठल्याही अभ्यासात मी नव्हते. पण वाचताना एक गोष्ट जाणवली : वर्षानुवर्षं तीच घरं पुन्हा पुन्हा विचारायची, तर त्यामागं भरपूर पैसा आणि भरपूर धीर लागतो. असा धीर आमच्या वाट्याला येणाऱ्या कामात सहसा नसतो. तो कुठं आटतो, ते सांगते.

सरकारी खात्याला किंवा संस्थेला अभ्यास हवा असतो. ते प्रस्ताव मागवतात. कर्नाटकात १९९९ चा सार्वजनिक खरेदी पारदर्शकता कायदा आहे, त्याप्रमाणं ऑनलाइन निविदा. दोन पाकिटं : तांत्रिक आणि आर्थिक. तांत्रिक पाकिटात तुमचा अनुभव, माणसं, पद्धत. आर्थिक पाकिटात भाव. बांधकामाला चालतं तसं 'सगळ्यात स्वस्त तो पास' इथं चालत नाही, म्हणून गुणवत्ता आणि किंमत दोन्ही धरून निवड करायची पद्धत आहे. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ती आहे. तांत्रिक बाजूला जास्तीत जास्त ८० टक्के वजन देता येतं. बऱ्याचदा ७० आणि ३० ठेवतात.

एका छोट्या एजन्सीला प्रस्ताव बनवायला मदत करायला मी एकदा बेंगळुरूला गेले होते, तेव्हा तिथल्या एका तरुण मुलानं मला हे फळ्यावर समजावलं. समजा दोन कंपन्या. पहिलीला तांत्रिक गुण ९०, भाव ६० लाख. दुसरीला गुण ७५, भाव ४० लाख. स्वस्त कंपनीला किमतीचे १०० पैकी १००. महागला ४० भागिले ६०, म्हणजे ६६.६७. आता वजन लावा. पहिली : ६३ अधिक २०, एकूण ८३. दुसरी : ५२.५ अधिक ३०, एकूण ८२.५. पहिली जिंकली, अर्ध्या गुणानं. दुसरीनं जरा चकचकीत प्रस्ताव लिहून ७६ मिळवले असते तर तीच जिंकली असती, वीस लाखांनी स्वस्त. मी विचारलं, "हे वीस लाख ती कंपनी वाचवणार कुठून?" तो मुलगा हसला. म्हणाला, "अक्का, फील्डमधून."

बाकी कुठून वाचणार? मोठ्या साहेबांचे पगार प्रस्तावात नावानिशी लिहिलेले असतात, त्यांच्यावरच गुण मिळालेले असतात. सॉफ्टवेअरचा भाव ठरलेला. उरतो आम्हा लोकांचा दिवस. मूळ कागदावर एका माणसानं दिवसाला चार घरं करायची असतात. पण निविदेत मोठ्या उलाढालीची अट असते, ती भरणारी कंपनी दूरची, तिला इथली गल्ली माहीत नसते; ती राज्यातल्या एकाला सांगते, तो जिल्ह्यातल्या एकाला, आणि जिल्ह्यातला मला. करारात काम पुढं देऊ नये असं लिहिलेलं असतं, म्हणून याला 'फील्ड सपोर्ट' म्हणायचं. प्रत्येक पायरीवर थोडा थोडा पैसा सांडतो. माझ्यापर्यंत येईतो चार घरांची सात होतात. प्रामाणिकपणे भरलेल्या फॉर्मला सव्वा तास लागतो. सात गुणिले सव्वा तास करून पाहा आणि त्यात एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर चालत जाणं मिळवा.

मग काय होतं? जे कुठंही होईल तेच. 'ॲडमिट होतं का' या प्रश्नाला 'हो' म्हटलं की पुढं साठेक प्रश्न उघडतात, 'नाही' म्हटलं की फॉर्म दहा मिनिटांत मिटतो. दमलेल्या पोरीला संध्याकाळी पाच वाजता 'नाही' ऐकू यायला लागतं. मी कुणाला दोष देत नाही, मलाही एकेकाळी ऐकू आलंय. याहून पुढची पायरी म्हणजे झाडाखाली बसून भरलेला फॉर्म. त्यावर उपाय आहेत : टॅब जागा नोंदवतो, वेळ नोंदवतो, मधले काही प्रश्न रेकॉर्ड करतो, सुपरवायझरनं काही घरी परत जाऊन तपासायचं, त्याला बॅक-चेक म्हणतात. एका कामात माझ्याच बॅक-चेकच्या दिवसांचे पैसे कापले गेले, कारण त्या दिवसांत 'उत्पादन शून्य' होतं. दुसऱ्या एका कामाचे दोन महिन्यांचे पैसे अजून यायचे आहेत. वरून हप्ता अहवालावर मिळतो आणि अहवाल मंजूर व्हायचा आहे, असं सांगतात. त्याला तीन वर्षं झाली.

आता भाषेबद्दल. निविदेत एक ओळ हमखास असते : प्रश्नावली राज्याच्या भाषेत भाषांतरित करावी. दिल्लीहून पाहिलं तर बरोबरच आहे. पण औराद, कमलनगर, भालकी, बसवकल्याण, आळंदच्या कितीतरी गावांत चूल मराठीत पेटते. १९५६ साली निजामाचा जुना बिदर जिल्हा फुटला, उदगीर-अहमदपूर-निलंगा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आलो; सोयरीक मात्र फुटली नाही. आणि बिदर शहरात, हुमनाबादेत गल्लीगल्लीत दखनी उर्दू. तेव्हा फॉर्म कन्नड, मन मराठी, शेजारी दखनी. मराठी छापील फॉर्मला पैसा धरलेला नसतो, म्हणून आम्ही तोंडी भाषांतर करतो आणि दहा पोरी दहा तऱ्हेनं करतात. त्यातून 'साल'सारखी गंमत होते.

पैशानं मोजता येणार नाही ते मोजायचं म्हटलं की ही अडचण आणखी वाढते. तब्येतीचं मोल ठरवायला जगभर एक छोटी प्रश्नावली वापरतात, इक्यू-फाइव्ह-डी : चालणं-फिरणं, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, दुखणं, काळजी-उदासी. पाच गोष्टी, प्रत्येकीच्या पाच पायऱ्या, म्हणजे ३१२५ तऱ्हेच्या तब्येती. भारतातल्या माणसांना त्यातली कुठली तब्येत किती वाईट वाटते, हे चंदीगडच्या पीजीआय संस्थेनं पाच राज्यांतल्या ३५४८ जणांना विचारून ठरवलं, २०२२ साली ते छापून आलं. विचारायची रीत अशी : या दुखण्यासकट दहा वर्षं हवीत की धडधाकट सात? ही रीत मी आमच्या गल्लीतल्या एका काकूंवर सहज करून पाहिली. त्या म्हणाल्या, "देवानं ठरवलेलं तू कोण कमी करणार?" या उत्तराला ३१२५ मधला कुठला आकडा द्यायचा?

सीमेवरचा आणखी एक गुंता आहे. आमचा रोगी ज्या गावात राहतो त्या जिल्ह्यात पैसे खर्च करत नाही. बिदरला ब्रिम्स, कलबुर्गीला जिम्स ही सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, जयदेव हृदयरोग संस्थेचा दवाखाना आहे. तरी कमलनगरचा माणूस उदगीरची गाडी पकडतो, आळंदचा सोलापूरला जातो, हुमनाबादचा हैदराबादला. कुठं पाहुणे आहेत, कुठल्या डॉक्टरची भाषा कळते, त्यावर ते ठरतं. फॉर्ममध्ये हे सगळं 'जिल्ह्याबाहेर' या एका कोडात जातं. कार्ड कर्नाटकचं, दवाखाना महाराष्ट्रातला, मग भांडण सुरू. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं तेव्हा कर्नाटकानं जोरदार हरकत घेतली. चॅनेलांवर आठवडाभर अस्मिता गाजली. सीमा ओलांडून वर्षाला किती रोगी जातात, कुठल्या आजाराला, किती पैसे मोडून, हे मात्र त्या गोंधळात कोणी विचारलं नाही. असा अभ्यास कुठल्याही एका राज्यानं मागवला तरी चालेल. मी अर्ध्या भावात करीन.

याच धंद्याचं दुसरं टोक माझ्या भाचीकडं आहे. ती फार्मसी शिकून बेंगळुरूत एका कंपनीत लागली. परदेशी औषध कंपन्यांसाठी ती एक्सेलमध्ये मॉडेल बनवते : अमुक औषध दिलं तर एक चांगलं वर्ष मिळवायला किती पौंड पडतील. इंग्लंडमध्ये नाइस नावाची संस्था १९९९ पासून असे हिशेब पाहून औषध घ्यायचं की नाही ते सांगते. वर्षानुवर्षं वीस ते तीस हजार पौंडांची मर्यादा तिथं धरत होते. भाचीला एसी आहे, दुपारी जेवण आहे, पीएफ आहे. ती मला विचारते, "मावशी, तुमचे आकडे इतके घाण का असतात?" आमच्या देशानंही २०१७ पासून आरोग्य संशोधन विभागात अशी तंत्रज्ञान मूल्यांकनाची व्यवस्था उभी केली आहे, तेव्हा तिच्यासारख्यांच्या मॉडेलात माझ्यासारखीचे आकडे आज ना उद्या जाणारच. मी तिला दिवाळीत एक दिवस माझ्याबरोबर ये म्हटलं. आली. तीन घरं झाल्यावर पायाला फोड आले. मग काही बोलली नाही.

निविदा लिहिणाऱ्या साहेबांना माझं सांगणं फार नाही. 'राज्याची भाषा' याऐवजी 'त्या गावात घरात बोलली जाणारी भाषा' असं लिहा आणि भाषांतराचे पैसे वेगळे धरा. एका माणसानं दिवसात किती घरं करायची ही संख्या करारात पक्की करा आणि ती मोडली तर बिल अडवा. फॉर्म भरणाऱ्याच्या रोजाला भावाच्या स्पर्धेतून बाहेर काढा. त्याचा दर तुम्हीच ठरवून द्या, मग कंपन्यांना उरलेल्या गोष्टींवर भांडू दे. पहिल्या पन्नास घरांनंतर थांबा, फॉर्म भरणाऱ्या पोरींना समोर बसवून विचारा की कुठला प्रश्न अडतो. त्यातूनच 'उचल' हा सहावा पर्याय निघाला असता. आणि शेऱ्याचा रकाना वाचायला एक माणूस ठेवा.

तुमच्या दारात एजन्सीची सर्व्हेवाली आली तर तिचं ओळखपत्र पाहा, पैसे कोण देतंय ते विचारा, नको असेल तर सरळ नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे. हो म्हणालात तर पिशवी काढा.

पुढचं काम मार्गशीर्षात लागणार असा निरोप आलाय. तारखा पाहिल्या तर ऐन येळवस त्यात. त्या दिवशी लातूरपासून कलबुर्गीपर्यंत एक घर उघडं सापडत नाही; सगळा गाव शेतात असतो, पांडवांची पूजा करून भज्जी-आंबील जेवतो. मी वर कळवलं की तो दिवस सोडा, नाहीतर शेतात जाऊन फॉर्म भरायची परवानगी द्या. पोटभर जेवलेली माणसं निवांत बसून खरं सांगतात, वर्षाचा हिशेबही त्यांना येळवसपासून येळवसपर्यंत बरोबर आठवतो. उत्तर आलं : फॉर्म घरीच भरायचा, शेतात भरला तर जागेची नोंद चुकते.